मोआबच्या उन्हात ट्रेलरचा एसी आणि कॅम्पग्राउंडचं पडलेलं व्होल्टेज

माळरान

नमस्कार मंडळी,

परवाच यूटामधल्या मोआबहून डेन्व्हरला घरी आलो. आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही तिथली दोन नॅशनल पार्क आई-बाबांना दाखवायचं तीन वर्षं मनात होतं. यंदा दोघं पुण्याहून आले आणि जुलैतच योग जुळला. आमचा ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर, २४ फुटी आहे, सेकंडहँड घेतलेला. कनेक्शन ३० अँपचं, छतावर १३,५०० बीटीयूचा एकच एसी.

दुपारी साडेतीनला पोचलो तेव्हा सावलीतही ४० अंश होतं. पेडेस्टलला (साइटवरच्या विजेच्या खांबाला) सर्ज प्रोटेक्टर लावला, त्यावर दोन्ही हिरवे दिवे लागले, म्हणून निश्चिंत होऊन एसी सुरू केला. सात-आठ मिनिटं बरी हवा आली. मग आवाज बदलला. कंप्रेसर घुंऽऽ करत राहिला, खट्ट झालं, आणि नुसता पंखा गरम हवा फेकू लागला. चार मिनिटांनी पुन्हा घुंऽऽ, पुन्हा खट्ट. असं तासभर चाललं.

आई ७१ वर्षांची, बीपीची गोळी रोजची. ती तक्रार करणाऱ्यांतली नाही. डोक्यावर ओला पंचा ठेवून पलंगाच्या कडेला गप्प बसली होती. मला ते बघवेना.

बाबांनी वीज मंडळात ३२ वर्षं काढली आहेत. त्यांनी माझा छोटा प्लगचा मीटर मागितला. स्वयंपाकाच्या ओट्याजवळच्या सॉकेटमध्ये एसी बंद असताना १११ व्होल्ट, चालू असताना १०३. मग बाहेर जाऊन त्याच पेडेस्टलवरच्या २० अँपच्या सॉकेटमध्ये लावला, एसी चालू ठेवूनच. तिथे १०७. मग त्यांनी आमच्या जाड प्लगला तळहाताची मागची बाजू लावली आणि झटकन काढली. म्हणाले, "ब्रेकर पाड आधी."

प्लग काढला तर तीन पिनांतली एक तपकिरी-काळी पडली होती आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक तळलेल्या पापडाला फोड यावा तसं फुगलं होतं. जळका वास हाताला रात्रीपर्यंत येत होता.

ऑफिसात सांगितलं तर उत्तर मिळालं की बाकी सगळ्यांचे एसी चालू आहेत. बऱ्याच विनवण्यांनंतर दुसरी साइट मिळाली. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून नवीन प्लग आणला, बाबांनी टॉर्चच्या उजेडात जळका भाग कापून तो बसवला. रात्री दहाला एसी नीट सुरू झाला. पण पुढचे दोन्ही दिवस दुपारी चार ते सातमध्ये व्होल्टेज एसी बंद असताना १०९ आणि चालू असताना १०५ असंच राहिलं, आणि मी प्रत्येक खट्ट आवाजाला दचकत होतो.

माझे प्रश्न असे: चूक आमच्या ट्रेलरची की तिथल्या विजेची? एसीचं आयुष्य यात कमी झालं असेल का? आणि सॉफ्ट स्टार्ट, ऑटोफॉर्मर, ईएमएस अशी तीन-तीन यंत्रं लोक सुचवतात, त्यातलं नेमकं कशासाठी काय? आई-बाबा ऑक्टोबरपर्यंत आहेत. ऑगस्टअखेर झायॉन नॅशनल पार्कला जायचं ठरलंय, आणि आईला पुन्हा तसं बसलेलं मला बघायचं नाही.

---

तापीकाठ

आधी काकूंबद्दल. मी ॲरिझोनात राहते, इथल्या उन्हाचा अनुभव आहे. एसी गडबड करायला लागला की दुरुस्तीच्या मागे न लागता आधी म्हाताऱ्या माणसांना तिथून हलवा. तुमच्या ट्रकचा एसी पेडेस्टलवर अवलंबून नाही. त्यांना ट्रकमध्ये बसवून मोआबची लायब्ररी गाठायची, नाहीतर एखाद्या किराणा दुकानात तासभर रेंगाळायचं. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात, अशांना उन्हाचा त्रास लवकर होतो. काकूंची गोळी कोणती आहे ते प्रवासाआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

दुसरं म्हणजे मोआबला दुपार नकोशी झाली की ला साल डोंगराच्या लूप रस्त्याने वर जायचं. गाव साधारण ४,००० फुटांवर आहे आणि वर वॉर्नर लेक ९,४०० फुटांवर. दर हजार फुटांना तीन ते पाच अंश फॅरनहाइट उतरतात. खाली जीव नकोसा होत असतो आणि वर ॲस्पेनच्या झाडांखाली शाल लागते. संध्याकाळी सातनंतर खाली उतरलं की लोडही कमी झालेला असतो.

---

फेज-न्यूट्रल

मी फिनिक्सच्या आसपास इलेक्ट्रिशियन म्हणून काम करतो, त्यात बरीच आरव्ही पार्क (ट्रेलर-मोटारघरांची कॅम्पग्राउंड) येतात. माळरान, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे तीन आकडे घेतले त्यात सगळं उत्तर आहे. लोक इंटरनेटवर पानंच्या पानं लिहितात, पण हे तीन आकडे कुणी घेत नाही.

१११ हा आकडा एसी बंद असतानाचा. म्हणजे शेजाऱ्यांच्या लोडमुळे पार्कचं व्होल्टेज १२० वरून तेवढं आधीच पडलेलं होतं. त्यात तुमचा फारसा संबंध नाही. एसी लावल्यावर पेडेस्टलच्या दुसऱ्या सॉकेटवर १०७ झाले. हे चार व्होल्ट तुमच्या लोडमुळे पडले खरे, पण ते पार्कच्या जमिनीखालच्या लांबच लांब वायरमध्ये पडले. आणि १०७ चे ट्रेलरमध्ये १०३ झाले, ते चार व्होल्ट पेडेस्टल ते तुमचा ओटा एवढ्या अंतरात गेले.

आता त्या शेवटच्या चारांचा हिशेब करू. तुमची केबल २५ फुटांची, १० गेज जाडीची असणार, ३० अँपला तीच येते. जाऊन-येऊन ५० फूट तांबं, त्याचा रोध ०.०५ ओहम. उन्हात एसी १५ अँप खातो, वर बॅटरीचा चार्जर आणि विजेवर ठेवलेला फ्रिज धरून २० अँप समजू. म्हणजे केबलमध्ये १ व्होल्ट पडला. ट्रेलरच्या आतल्या वायरिंगमध्ये थोडा. उरलेले अडीच-तीन व्होल्ट त्या एका पिनेच्या लूज कॉन्टॅक्टमध्ये गेले. २० अँप गुणिले ३ व्होल्ट म्हणजे ६० वॅट. जुना साठचा बल्ब हातात धरून बघा, तेवढी उष्णता त्या बोटभर पितळेत तासभर कोंडली होती. प्लास्टिक फुगलं ते यामुळे. अजून दोन तास गेले असते तर काय झालं असतं ते मी प्रत्यक्ष पाहिलं आहे, म्हणून हे कळकळीने लिहितोय.

तेव्हा चूक कुणाची याचं उत्तर: दोन वेगळे आजार एकाच वेळी होते. व्होल्टेज आधीपासूनच कमी असेल तर आजार पार्कचा. तुमचा लोड लागल्यावरच धाडकन पडत असेल तर कुठेतरी जॉइंट किंवा पिन ढिली आहे, आणि ती तुमच्या बाजूला की त्यांच्या, हे २० अँपच्या सॉकेटवरचा आकडा सांगतो. एक खबरदारी घ्या. ज्या पेडेस्टलवर ५० अँपचाही सॉकेट असतो तिथे २० अँपचा सॉकेट दुसऱ्या फेजवर असू शकतो, मग ही तुलना फसते.

आता पार्कचं व्होल्टेज का पडतं ते. अमेरिकेच्या एनईसी या वीजनियमावलीत कॅम्पग्राउंडची मुख्य वायरिंग करताना सगळ्या साइट्सचा पूर्ण लोड धरावा लागत नाही. सगळे एकाच वेळी सगळं वापरणार नाहीत असं गृहीत आहे. ३६ किंवा त्याहून जास्त साइट्स असतील तर ४१ टक्के धरले तरी चालतात. ३० अँपच्या साइटचे ३,६०० वॅट, त्याचे ४१ टक्के म्हणजे दर साइटला १,४७६ वॅट. तुमचा एकटा एसी उन्हात त्याहून जास्त घेतो. वसंतात, हेमंतात हे गणित चालून जातं. जुलैत दुपारी चारला पन्नास ट्रेलरचे पन्नास एसी एकदम चालू असतात, तिथे ते कोलमडतं. नियम मोडलेला नसतो, तरी शेवटच्या रांगेतल्या साइटला १०५ मिळतात. म्हणून बुकिंग करताना मी नेहमी विचारतो की ऑफिसजवळची किंवा मुख्य पॅनलच्या जवळची साइट मिळेल का.

एसीच्या तब्येतीबद्दल रात्री लिहितो, आता साइटवर निघालोय.

---

मळ्यातली_विहीर

फेज-न्यूट्रल यांनी जे लिहिलंय ते वाचून आमच्या गावची डीपी (ट्रान्सफॉर्मर) आठवली. सांगली जिल्ह्यात आमचा ऊस. एका डीपीवर पंधरा-सोळा मोटरी. उन्हाळ्यात टेल एंडच्या, म्हणजे लाईनच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला व्होल्टेजच मिळायचं नाही. मोटर घुरघुरायची, उचलायची नाही, आणि जळायची. एका हंगामात चुलत्यांनी दोनदा वाइंडिंग भरून घेतलं.

त्यात सगळ्यांनी ऑटोस्विच लावलेले. लाईट आली की सोळाच्या सोळा मोटरी एकाच क्षणी सुरू व्हायला बघणार, व्होल्टेज आणखी खाली, आणि शेवटी डीपीच जळणार. महावितरण अजूनही सांगतं की ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा. कॅम्पग्राउंडमध्ये तेच घडतं. मेन ट्रिप होऊन परत आली की सगळे थर्मोस्टॅट एकदम एसी मागतात. लाईट गेली की मी आधी आमचा एसी बंद करतो आणि परत आल्यावर दहा मिनिटं थांबून लावतो. तोवर बाकीच्यांची झुंबड उरकलेली असते.

---

रस्ताभर

इतका विचार कशाला? ऑटोफॉर्मर घ्या आणि मोकळे व्हा. आम्ही तीन उन्हाळे वापरतोय. व्होल्टेज कमी झालं की तो आपोआप १० टक्के वाढवून देतो. १०३ आले तर आत ११३ मिळतात. टेक्सासमध्ये ऑगस्टात एसी एकदाही बंद पडला नाही. किंमत जास्त आहे, पण छतावरचा नवा एसी बसवायच्या खर्चापुढे परवडतं.

---

भिरभिर

ऑटोफॉर्मरवाला शेजारी आला की आमचं व्होल्टेज पडतं असं ऐकलंय. काही पार्कच्या नियमांत तो लावू नका असं स्पष्ट लिहिलेलं मी वाचलं आहे. हे बरोबर आहे का?

---

फेज-न्यूट्रल

आता सवडीने लिहितो.

ऑटोफॉर्मर म्हणजे आपल्याकडे टीव्ही-फ्रिजला लावायचो तो स्टॅबिलायझरच, फक्त दांडगा. आत ऑटो-ट्रान्सफॉर्मर आणि टॅप बदलणारा रिले. तो वीज निर्माण करत नाही. व्होल्टेज दहा टक्के वाढवला की पेडेस्टलमधून करंटही तेवढाच जास्त ओढावा लागतो. आत २७ अँप वापरले की बाहेर ३० झालेच, ब्रेकर पडला.

एसीच्या बाबतीत फारसं बिघडत नाही, कारण मोटरला योग्य व्होल्टेज मिळालं की ती स्वतः कमी करंट घेते. त्यामुळे शेजाऱ्याचं नुकसान थोडंच. पण हीटर, टोस्टर, केसांचा ड्रायर यांना दहा टक्के जास्त व्होल्टेज म्हणजे एकवीस टक्के जास्त वॅट, आणि तो भार पार्कवर नक्की पडतो. म्हणून भिरभिर, तुम्ही ऐकलं त्यात तथ्य आहे, थोडं फुगवून सांगितलेलं. पार्कने मनाई केली असेल तर ती पाळावी.

रस्ताभर, तुमचा अनुभव खरा आहे, पण माळरान यांनी त्या दिवशी ऑटोफॉर्मर लावला असता तर मला काळजी वाटली असती. आतला मीटर ११३ दाखवत राहिला असता, एसी चालू राहिला असता, काका बाहेर गेलेच नसते, आणि त्या जळक्या पिनेतून आणखी जास्त करंट गेला असता. आधी पिना, सॉकेट, केबल धडधाकट आहेत याची खात्री, मगच ऑटोफॉर्मर. हा क्रम उलटा करू नका.

सॉफ्ट स्टार्टचं काम वेगळं. कंप्रेसर सुरू होताना क्षणभर चालू करंटच्या चार-पाच पट ओढतो. तेवढ्यात व्होल्टेज आणखी दबतं आणि मोटर फिरतच नाही, तेच तुमचं घुंऽऽ. सॉफ्ट स्टार्ट हा सुरुवातीचा झटका निम्म्याहून खाली आणतो. १०८-११० वर अडखळणारा एसी त्याने सुरू होतो, छोट्या जनरेटरवरही चालतो. पण एकदा फिरायला लागल्यावर व्होल्टेज १०२ असेल तर सॉफ्ट स्टार्ट काहीच करू शकत नाही.

आणि ईएमएस हा पहारेकरी. तुमच्या सर्ज प्रोटेक्टरचे हिरवे दिवे फेज, न्यूट्रल, अर्थिंग जागच्या जागी आहेत एवढंच सांगत होते. साधा सर्ज प्रोटेक्टर वीज कोसळल्यावर येणारा झटका अडवतो, कमी व्होल्टेजकडे बघतसुद्धा नाही. ईएमएस १०४ च्या खाली किंवा १३२ च्या वर गेलं की वीज तोडतो आणि ठीक झाल्यावर दोन-सव्वादोन मिनिटं थांबून जोडतो. तो थांबा महत्त्वाचा आहे, तेवढ्यात कंप्रेसरच्या दोन्ही बाजूंचा गॅसचा दाब सारखा होतो आणि कंप्रेसर सहज सुटतो. एकच घ्यायचं असेल तर मी ईएमएस सांगेन. एसी वाचेल, आणि व्होल्टेज पडल्याचं तुम्हाला कळेल.

आता एसीचं आयुष्य. ११५ व्होल्टच्या मोटरला दहा टक्के खाली, म्हणजे १०३.५ पर्यंत सोसवतं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो. १०३ वर तो जेमतेम ८० टक्के उरतो. आणि हे नेमकं तेव्हा होतं जेव्हा बाहेर ४० अंश असल्याने गॅसचा दाब जास्त असतो आणि मोटरला जोर जास्त हवा असतो. मग ती करंट जास्त ओढते आणि वाइंडिंग तापतं. दर १० अंश सेल्सिअस जास्त तापलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. खट्ट आवाज म्हणजे थर्मल ओव्हरलोड, मोटर तापली की ती बंद करणारा स्विच, त्याने तुमची मोटर वाचवली. तासभराच्या त्या प्रकाराने ती मेली नसावी, पण मोटरला सुरू व्हायला रेटा देणारा कपॅसिटर तपासून घ्या. उन्हाने आणि वयाने तो उतरतो, आणि उतरलेला कपॅसिटर चांगल्या व्होल्टेजला दिसून येत नाही, कमी व्होल्टेजला दगा देतो. हे काम तंत्रज्ञाकडूनच करून घ्या, वीज बंद असली तरी कपॅसिटरमध्ये साठा असतो.

---

चाकावरचं_घर

मी ट्रॅव्हल नर्स आहे. नवरा आणि मी चार वर्षं ट्रेलरमध्येच राहतो, तीन-तीन महिने एका गावी. दर उन्हाळा कमी व्होल्टेजमध्येच काढलाय, म्हणून यंत्रांपेक्षा दिनक्रमाबद्दल लिहिते. आमच्याकडे याला आम्ही भारनियमनच म्हणतो.

एसी सकाळी नऊलाच लावायचा, उकडायला लागल्यावर नाही. छतावरचा एसी आत ओढलेल्या हवेपेक्षा १५ ते २० अंश फॅरनहाइट थंड हवा देतो, त्याहून जास्त त्याच्याकडून होत नाही. दुपारी तीनला भट्टी झालेला ट्रेलर तो संध्याकाळपर्यंत थंड करू शकत नाही. सकाळी भिंती, गाद्या, कपाटं सगळं गार झालेलं असलं की दुपारी थोडा कमी पडला तरी निभतं. थर्मोस्टॅट ७० वर ओढायचा नाही, ७८ वर ठेवायचा. कंप्रेसरला मध्ये विसावा मिळतो.

स्वयंपाक सकाळी साडेसातच्या आत. इडलीचं भांडं, कुकर, पोळ्या सगळं गॅसवर. दुपारी तीननंतर मायक्रोवेव्ह नाही, राइस कुकर नाही, इलेक्ट्रिक केटल नाही. एकटा मायक्रोवेव्ह १२-१३ अँप खातो, एसी चालू असताना तो लावला की दिवे मंद होताना डोळ्यांना दिसतात. पाण्याचा हीटर गॅसवर. फ्रिज दोन्हीवर चालणारा असेल तर दुपारी तोही गॅसवर, तीन अँप सुटतात. बॅटरी पूर्ण भरलेल्या असल्या की चार्जरही शांत असतो, म्हणून पोचायच्या दिवशी प्रवासात ट्रकवरून त्या भरून घेतो.

खिडक्यांना आतून चंदेरी बुडबुड्यांचं इन्सुलेशन कापून लावलंय. छताच्या झडपांना उशीसारखे झाकण मिळतात ते खोचलेत. ऑनिंग (बाहेर उघडायचं कापडी छत) पश्चिमेला येईल अशी साइट मागते. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी साबणाच्या पाण्यात धुते. यातली प्रत्येक गोष्ट छोटी वाटते, पण सगळी मिळून आमचा एसी दुपारी तासातून पंधरा मिनिटं बंद राहू लागला. आधी तो सतत चालायचा.

आणि मीटर कायम सॉकेटमध्ये असतो. ओटा पुसताना नजर जातेच.

---

कासारसाई

मी पुण्याहून वाचतोय. राज्य सरकारचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं तेव्हापासून डोक्यात आहे, आता एका जुन्या ट्रॅव्हलरचं घर करतोय. आपल्याकडे २३० व्होल्ट, पण कोकणात एखाद्या वाडीत लाईन घेतली तर १७०-१८० मिळायची तयारी ठेवावी लागेल. मी स्प्लिट इन्व्हर्टर एसी बसवायचा विचार करतोय. त्याला या सगळ्याचा त्रास होईल का?

---

फेज-न्यूट्रल

कासारसाई, इन्व्हर्टर एसी तुमच्यासाठी योग्य. त्यात कंप्रेसर हळूहळू वेग घेतो, म्हणजे सॉफ्ट स्टार्ट आतच आहे. व्होल्टेज कमी झालं तर तो करंट जास्त घेऊन तेवढंच काम करतो, म्हणून वायर मात्र हात राखून घालू नका. एसीच्या पाटीवर किती व्होल्टपासून चालतो ते छापलेलं असतं, १५० च्या आसपासचा बघून घ्या. आणि वाडीतल्या ज्या घरातून लाईन घ्याल तिथलं अर्थिंग आधी तपासा. पत्र्याची गाडी आणि ओली जमीन आहे.

जाता जाता ५० अँपचं कनेक्शन असलेल्या ट्रेलरवाल्यांसाठी: तुमच्याकडे दोन फेज आणि एक न्यूट्रल येतो. एका बाजूला १०० आणि दुसऱ्या बाजूला १४० दिसायला लागले तर ते कमी व्होल्टेज समजून बसू नका. न्यूट्रल सुटत चाललाय. त्या क्षणी ब्रेकर पाडा, टीव्ही-मायक्रोवेव्ह काही मिनिटांत जातात.

---

भिरभिर

३० अँपचा सॉकेट झिजलेला वाटला तर ५० च्या सॉकेटवर ॲडॅप्टर लावून ३० चा ट्रेलर चालवतात, ते योग्य का?

---

फेज-न्यूट्रल

हो, मी स्वतः तसं करतो. ५० चा सॉकेट कमी वापरलेला, पिना जाड, पकड घट्ट. ट्रेलरच्या आत ३० चा मुख्य ब्रेकर आहेच. फक्त पेडेस्टलवरचा ब्रेकर आता ५० चा असल्याने केबलचं रक्षण तो करत नाही, तेव्हा केबल धडधाकट हवी. ॲडॅप्टर स्वस्तातला घेऊ नका आणि तासाभराने हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल तर काढून टाका.

---

माळरान

उशिरा लिहितोय, पण सगळं करून झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

तंत्रज्ञाने वर चढून पाहिलं. कपॅसिटर छापील आकड्याच्या पाऊणच उरला होता, बदलला. कंप्रेसर ठीक आहे. सॉफ्ट स्टार्ट त्याच वेळी बसवून घेतला, आणि ईएमएस घेतला. ऑटोफॉर्मर नाही घेतला. चाकावरचं_घर, तुमचा दिनक्रम आईने वहीत उतरवून घेतला आणि त्यात स्वतःचे बदलही केले. थालीपिठाची भाजणी घरूनच भिजवण्यापुरती मोजून घेतली, म्हणजे सकाळी अर्ध्या तासात ओटा रिकामा. तापीकाठ, डॉक्टरांना विचारलं. आईच्या गोळीत पाणी काढणारं औषध होतं. उन्हाळ्यापुरता त्यांनी बदल करून दिला. हे तुम्ही सांगितलं नसतं तर आमच्या लक्षातही आलं नसतं.

मागच्या आठवड्यात झायॉनजवळ हरिकेन गावात चार रात्री होतो. बुकिंगलाच मुख्य पॅनलजवळची साइट मागितली होती. पोचल्यावर बाबांनी प्लग लावायच्या आधी टॉर्च मारून सॉकेटच्या आत पाहिलं. एका भोकाची कड तपकिरी होती. ऑफिसात फोटो दाखवला, त्यांनी अर्ध्या तासात माणूस पाठवून सॉकेट बदलून दिला. त्या माणसाशी बाबा माझ्यामार्फत बोलत होते, पण थोड्या वेळाने दोघं वायरींकडे बोटं दाखवत आपापल्या भाषेतच बोलू लागले आणि त्यांचं काही अडलं नाही.

बाहेर ३९ अंश. दुपारी चारला एसी बंद असताना ११४, चालू असताना १०९. एका संध्याकाळी साडेपाचला ईएमएसने वीज तोडली, तेव्हा आम्ही चौघं आधीच ट्रकमध्ये बसून डोंगरावरच्या सीडर ब्रेक्सला निघालो होतो. तिथे १०,००० फुटांवर आईने स्वेटर घातला.

बाबांनी चारही दिवस दर दोन तासांची नोंद ठेवली आहे, वेळ, व्होल्ट, आतलं तापमान आणि हात लावल्यावर प्लग कसा. त्या पानाचा फोटो टाकता आला असता तर टाकला असता. शेवटच्या रात्रीची ओळ त्यांच्या अक्षरात अशी आहे: १० वाजता, ११७, प्लग थंड, ही झोपली.